मदत हवी आहे: लेवीयपाशी थंडावणारं बायबल वाचन

जय ख्रिस्त मंडळी! तरुण संघासाठी वर्षभराचा वाचनक्रम आखायचा आहे. बायबलचे १,१८९ अध्याय रोज ३ आणि रविवारी ५ धरले तर वर्षात पूर्ण होतात. पण उत्पत्ती-निर्गम या पहिल्या दोन पुस्तकांचे ९० अध्याय जानेवारीतच सरतात आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकातल्या यज्ञनियमांपाशी मुलांचा उत्साह ओसरतो. दोन दिवस चुकले की ६ अध्याय थकतात, मग वाचनच सुटतं.

नव्या करारापासून, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागापासून, सुरुवात करावी का? २६० अध्याय, सोमवार ते शुक्रवार रोज १. शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला. हजेरी मात्र नकोच, त्याने नुसता दिखावा वाढतो. रोमकरांस पत्र १२:११ मध्ये प्रेषित पौल सांगतो तो आत्म्यातला उत्साह हवाय. जोडीने वाचून रात्री एकमेकांना मनाला भिडलेलं वचन पाठवायचं, हे कुणी वर्षभर टिकवलंय का? जोड्या किती दिवसांनी बदलता?