कडक भाकरीच्या धंद्याला कर्ज हवंय, बँक म्हणते "मिस्टरांना आणा"

भाकरीवाली, सोलापूर
नमस्कार. 5 वर्षं कडक भाकरी करून विकते. मालदांडी ज्वारी, हाताखाली 6 जणी, रोज 1,200 भाकरी. पुण्याचे दोन दुकानदार दुप्पट माल मागतात, पण हातानं थापून तेवढा उरकत नाही. भाकरीचं यंत्र आणि पॅकिंग मशीन, मिळून कोटेशन 8 लाख 40 हजार. साठवलेले 1 लाख 10 हजार आहेत.

बँकेत साहेबांनी माझी वही उघडलीसुद्धा नाही. "मिस्टर काय करतात? घर कोणाच्या नावावर?" घर सासऱ्यांच्या नावावर. दुसऱ्या खेपेला दिराला सोबत नेलं, तर ज्वारीचा भावही त्यालाच विचारला. त्याला ठाऊक नव्हता. मी सांगितला, तरी पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच. धंदा माझा, खातं माझं, उद्यम नोंदणी माझ्या नावाची. तारण, जामीनदार लागतातच का?

निवृत्त शाखाधिकारी
ताई, लागत नाहीत. सूक्ष्म-लघु उद्योगाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घेऊ नका, हे रिझर्व्ह बँकेनं 2010 सालीच बँकांना बजावलंय. तुमची रक्कम सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या 'तरुण' गटात बसते, 5 ते 10 लाख. तोंडी विचारू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नाकारला तर कारण लेखी मागा. तोंडी परत पाठवलेली बाई कुठल्याच रजिस्टरात दिसत नाही. मीही अशा काही जणींना परत पाठवलंय, त्याचं आज वाईट वाटतं.

पापडवाली, सांगली
आधी कृषी खात्याच्या जिल्हा कार्यालयात जा. पीएमएफएमई या 2020 च्या योजनेत अन्नप्रक्रियेला 35 टक्के अनुदान आहे, कमाल 10 लाख. तुमच्या कोटेशनवर 2 लाख 94 हजार होतात. हातात येत नाहीत हं, 3 वर्षं खात्यात बाजूला राहतात. हप्ते नीट भरले आणि धंदा चालू असला की कर्जात वळते होतात. प्रकल्प अहवाल तिथली जिल्हा संसाधन व्यक्ती करून देते. मी एजंटाला 12 हजार दिले, तुम्ही देऊ नका.

माणदेशी
आमच्या म्हसवडच्या बायकांनी बँक काढायला अर्ज केला, तेव्हा लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं तो फेटाळला. त्या अक्षरं शिकल्या, परत गेल्या, म्हणाल्या, व्याज तोंडी काढून दाखवतो. 1997 साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. ताई, दिराला नेऊ नका. भाव तुम्हाला ठाऊक आहे.

भाकरीवाली, सोलापूर
सगळ्यांचे आभार. आज एकटीच जाऊन अर्ज दिला. पोच द्यायला कुरकुर झाली, पण शिक्का घेऊनच उठले. एक अडचण राहिली. दोन्ही दुकानदार रोख देतात, कच्च्या चिठ्ठीवर. पैसे आले की ज्वारी आणि बायकांची मजुरी, खात्यात फार थोडे जातात. मागच्या वर्षाची विक्री बँकेला कशी दाखवू?