मदत हवी आहे: दोन सर्व्हर केले आणि एजंट सारखे लॉगआऊट होताहेत, सेशन ठेवू कुठे?

मंडळी, जरा अडकलोय. एका पतसंस्थेचं पिग्मी कलेक्शनचं वेब ॲप सांभाळतोय, साधं पीएचपी, फ्रेमवर्क वगैरे काही नाही, आधीच्या माणसाने लिहून ठेवलेलं. अडीचशेच्या आसपास एजंट आहेत, दिवसभर दुकानादुकानात फिरून मोबाईलवर एंट्री करतात आणि संध्याकाळी ६ ते ८ सगळे एकदम भरणा सबमिट करायला बसतात. तेवढ्या वेळात सर्व्हरची पार दमछाक व्हायची म्हणून मागच्या आठवड्यात दुसरा सर्व्हर लावला, पुढे एनजिनएक्सचा लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट दोघांत वाटून देणारा), डेटाबेस दोघांना एकच मायएसक्यूएल. तेव्हापासून कटकट. लॉगिन केलं, पुढचं पान उघडलं की परत लॉगिनचंच पान! कारण कळलंय, पीएचपी सेशन, म्हणजे कोण लॉगिन आहे वगैरे नोंद, फाईलमध्ये ठेवतं, फाईल पहिल्या सर्व्हरच्या डिस्कवर, रिक्वेस्ट दुसऱ्याकडे गेली की तो विचारतो तू कोण.

आयपी हॅश लावून बघितलं, म्हणजे एका आयपीचा माणूस कायम एकाच सर्व्हरला जाईल. पण ते आयपी व्ही४ पत्त्याच्या चारपैकी पहिले तीनच आकडे बघतं, आणि आमचे बहुतेक एजंट एकाच मोबाईल कंपनीचे, बाहेर त्यांचे मोजकेच आयपी दिसतात, त्यामुळे एक सर्व्हर मरतोय आणि दुसरा माशा मारतोय. वर वायफायवरून डेटावर आला की आयपी बदलला, परत लॉगआऊट.

आता साहेब म्हणतात जेडब्ल्यूटी कर, म्हणजे लॉगिनची सगळी माहिती सही केलेल्या टोकनमध्ये मोबाईलवरच, सर्व्हरवर काही ठेवायचंच नाही. मित्र म्हणतो डोळे झाकून रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा वेगळा सर्व्हर) टाक. पण तिसऱ्या मशीनचे पैसे संस्था देणार नाही. मला वाटतं मायएसक्यूएलमध्येच टेबल करावं, पण स्लो होईल का?

सेशनमध्ये आत्ता युजर आयडी, शाखा आणि दिवसभराच्या सगळ्या एंट्रींचा ॲरे (यादी) आहे, सबमिट दाबलं की तो टेबलात जातो. त्यासाठी सेशनची मुदत १२ तास केलेली आहे, डिफॉल्ट १४४० सेकंद म्हणजे २४ मिनिटंच असते.

प्रतिसाद १
भावा, कुठे ठेवू ते नंतर बघू, आधी काय ठेवलंय ते बघ. लोकांकडून घेतलेल्या रोख पैशाची नोंद संध्याकाळपर्यंत सेशनमध्ये?? एजंटने चुकून लॉगआऊट दाबलं तर दिवसाचं कलेक्शन गेलं. प्रत्येक एंट्री केल्या केल्या टेबलात टाक, 'भरणा बाकी' असा स्टेटस लाव, सबमिट म्हणजे फक्त स्टेटस बदलणं. सेशनमध्ये आयडी आणि शाखा एवढंच. मग सेशन उडालंच तर एजंट वैतागून परत लॉगिन करेल, बाकी काही बिघडत नाही.

जेडब्ल्यूटीला माझा स्पष्ट नकार. एजंटने घोळ केला, संस्थेने त्याला दुपारी काढला, तर त्याच्या मोबाईलमधलं टोकन मुदत संपेपर्यंत चालूच राहणार. ते अडवायचं तर रद्द टोकनांची यादी ठेवा आणि दर रिक्वेस्टला ती तपासा, मग सेशनच काय वाईट होतं? आणि सगळं टोकनमध्ये म्हणजे काय, कुकीत (ब्राउझर जपून ठेवतो आणि दर रिक्वेस्टला पाठवतो ती चिठ्ठी) जेमतेम ४ केबी मावतं. ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये टोकन ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस, पानात एखादी बाहेरची स्क्रिप्ट घुसली की ती ते सरळ वाचते. एचटीटीपी ओन्ली कुकी तिला वाचता येत नाही.

अडीचशे माणसांना मायएसक्यूएल आरामात पुरेल, प्रायमरी कीवरची एक ओळ वाचायची आहे फक्त. लॅराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कनेसुद्धा आवृत्ती ११ पासून नवीन प्रोजेक्टला डेटाबेस सेशनच डिफॉल्ट केलंय.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, फक्त एक खड्डा सांगतो, मी स्वतः पडलोय. उबुंटूच्या पॅकेजमध्ये पीएचपीचं सेशन साफ करणं बंद असतं, फायली साफ करायला वेगळा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) असतो, पण तो फायलीच बघतो. तुझ्या टेबलातल्या जुन्या ओळी कोणीच काढणार नाही. स्वतःचा क्रॉन लाव आणि मुदतीच्या कॉलमवर इंडेक्स टाक. माझं टेबल कित्येक महिने फुगत होतं, बॅकअपला वेळ का लागतोय म्हणून बघायला गेलो तेव्हा कळलं.

पुढे रेडिसवर गेलास तर कॅश (पटकन मिळावी म्हणून तात्पुरती ठेवलेली माहिती, रोख नव्हे) आणि सेशन एकाच रेडिसमध्ये कोंबू नकोस. मेमरी भरली की जुनं काढून टाक अशी सेटिंग कॅशसाठी ठेवतात, त्यात लोकांची सेशनही जातात.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. ॲरेचं वाचून खरंच घाम फुटला, गेल्या महिन्यात एका एजंटची एंट्री गायब झाली होती आणि सगळ्यांनी त्यालाच धरलं होतं, आता लॉग काढून बघतो. साहेबांना काढलेल्या एजंटचं उदाहरण दिलं, लगेच पटलं. रविवारी एंट्रीचं आधी बदलतो, मग सेशनचं टेबल.

एकच राहिलं. फाईलवाल्या सेशनला लॉक असतो, एका एजंटच्या दोन रिक्वेस्ट एकदम आल्या तर दुसरी थांबते. टेबलात तो आपोआप मिळणार नाही ना? आता आत फक्त आयडी आणि शाखा राहणार, तर लॉक नसला तरी चालेल का, की सबमिट दोनदा दाबलं तर भरणा दोनदा पडेल?

प्रतिसाद १
सेशनला नसला तरी चालेल. पण भरण्याला हवाच, आणि तो सेशनच्या भरवशावर नको. स्टेटस बदलताना अटीतच 'भरणा बाकी असेल तरच' टाक, किती ओळी बदलल्या ते बघ, शून्य आल्या तर आधीच झालाय असं दाखव.