गेटवर कोण थांबणार?

ए-३०४: मंडळी, डॉक्टरांनी मला दोन वर्षांपूर्वीच चालायला सांगितलं होतं. बूट आणले, ते कपाटातच राहिले. या महिन्यात मात्र एकही खाडा नाही, कारण सी-१०२ चे काका पावणेसहाला गेटवर उभे असतात. आपण नाही गेलो तर ते ताटकळतील, एवढंच डोक्यात येतं आणि मी जिना उतरतो. तिथून कंबर तलाव. अजून कोण येतंय?

बी-२०१: भाऊजी, यायचंय हो, पण गुडघा दुखतो. तुमच्या वेगानं जमायचं नाही.

ए-३०४: वहिनी, चालताना बोलता यावं पण गाणं म्हणायला दम पुरू नये, एवढी चाल बास. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. तेवढी नाही जमली तर दहा मिनिटंही वाया जात नाहीत.

डी-४०३: ॲपवर स्टेप्सची स्पर्धा लावू की. रोज ग्रुपवर यादी टाकायची.

सी-१०२: बाळा, मला नाही पटत. यादीत वर येणारे आधीपासूनच पळणारे असतात. तळाला नाव दिसलेला माणूस चार दिवसांत यादी बघायचं सोडतो, आणि आपल्याला तोच यायला हवाय. आपल्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत ७ नंदीध्वज निघतात, त्या उंच, जड काठ्या पेलून चालायचं असतं, त्याआधी किती दिवस सराव चालतो बघ. तरुणपणी मी जायचो. घरात एकट्यानं सराव करणारा एकही पाहिला नाही. शेजारचा निघाला म्हणून हा निघतो, जुना-जाणता माणूस पाय कसा रोवायचा ते दाखवतो. तशाच जोड्या लावू. सारख्या चालीच्या, जमलं तर एकाच मजल्यावरच्या.

डी-४०३: पटलं काका. आमच्या बाबांना न्याल का? मी सांगितलं की चिडतात.

सी-१०२: पोरानं सांगितलं की उपदेश वाटतो. मी चहाला येतो. व्यायामाचं नावच काढत नाही, "तेवढीच मला सोबत होईल" म्हणतो.

बी-२०१: आमची सकाळ डब्यात जाते, त्याचं काय?

बी-५०२: ताई, मी रात्री साडेआठला आवारातच फिरायलेय. या की. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर गेला की तीच वेळ बरी. मी दार वाजवते.

सेक्रेटरी: मागच्या बाजूचा दिवा उद्याच बदलून घेतो. इन्सुलिन चालू असलेल्यांनी उपाशीपोटी लांब जाऊ नका, खिशात साखर ठेवा, सोबत्यालाही सांगून ठेवा.

बी-२०१: मग उद्या साडेआठला. दार जोरात वाजवा, कुकरच्या शिट्टीत ऐकू येत नाही.