मदत हवी आहे: सुरतेचे जुने बंदर एका दिवसात पायी पाहायचे आहे, वाट कशी आखावी?

नमस्कार मंडळी,

मी नंदुरबारचा. आमच्याकडे सुरतेचे नाव घरातल्या माणसासारखे घेतले जाते. लिंबायत, उधना, पांडेसरा या वस्त्यांत खानदेशातली असंख्य कुटुंबे राहतात, तिथल्या गल्ल्यांतून अहिराणी ऐकू येते आणि लग्नसराईत तापी लाइनच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, लिंबायतमध्ये खोली करून सव्वीस वर्षे यंत्रमागावर काम केले. रात्रपाळी, दिवसा झोप आणि दिवाळीला गाव, एवढ्यात ती वर्षे गेली. चौकबाजारच्या किल्ल्यात ते एकदाही गेले नाहीत. आज ते ७१ वर्षांचे आहेत. मागांच्या खडखडाटाने कान अधू झाले आहेत, पण शिवणाच्या टोपलीत तुटका धागा दिसला की त्यांचा अंगठा आणि तर्जनी अजूनही आपोआप गाठ मारतात.

माझी मुलगी सहावीत आहे. शिवाजी महाराजांच्या सुरतेवरील स्वारीविषयी वाचताना तिने आजोबांना विचारले, "सुरत बंदर होतं, तर मग तिथे समुद्र कुठे आहे?" आप्पा गप्प राहिले, आणि मीही. मागच्या वर्षी याच प्रश्नासाठी आम्ही तिघे सुरतेला गेलो होतो. स्टेशनाबाहेर एका रिक्षाचालकाला जुने बंदर पाहायचे आहे असे सांगितले, तर त्याने आम्हाला थेट डुमसच्या चौपाटीवर नेऊन सोडले. भाडे भरपूर गेले, दिवस तिथेच संपला, आणि जहाजे कुठे लागत असत हा मुलीचा प्रश्न तसाच राहिला. म्हणून या खेपेला गाइड किंवा दिवसाची रिक्षा न करता, आपली आपण वाट आखून चालायचे ठरवले आहे.

त्यानंतर जे वाचले त्यावरून एवढे समजले की सुरत हे समुद्राकाठचे बंदर नव्हतेच, ते तापीच्या काठावरचे नदीबंदर होते. नदीच्या मुखाशी गाळ आणि वाळूचे दांडे असल्यामुळे मोठी जहाजे मुखाजवळच्या सुवाळी गावापाशी समुद्रात नांगर टाकून उभी राहत, आणि त्यांच्यावरचा माल लहान होड्यांनी किंवा बैलगाड्यांनी शहरात येई. याच सुवाळीच्या पाण्यात १६१२ मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीजांशी लढाई जिंकली आणि त्यानंतर सुरतेत त्यांची वखार उभी राहिली. म्हणजे बंदराचे एक टोक किल्ल्यापाशी आणि दुसरे पंचवीस-तीस किलोमीटर दूर, अशी ही रचना आहे. एवढे कागदावर कळते, पण लहान मुलीला कुठे उभे करून ते दाखवावे, हे मला सुचत नाही.

आणखी एका गोष्टीमुळे हा विषय मला जवळचा वाटतो. सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाणारा जुना व्यापारी मार्ग आमच्याच दारावरून जात होता: बारडोली, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर. इंग्रज राजदूत टॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये सुरतेला उतरला आणि नोव्हेंबरमध्ये नंदुरबारवरूनच बऱ्हाणपूरला गेला. तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने नवापूरच्या सुवासिक तांदळाची मुद्दाम तारीफ लिहून ठेवली आहे. महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये तळ दिला तोही सुरतेच्या बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत. मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, इंग्रज आणि डच आपापल्या वखारी धरून राहिले, आणि शहराची लूट झाली तरी किल्ला मात्र मोगलांकडेच राहिला. ज्या दरवाजाचे तोंड आमच्या मुलुखाकडे होते, त्याच्या बाजूने शहरात शिरून नदीपर्यंत चालत जावे, असे मला फार वाटते.

माझ्या कच्च्या यादीत पुढील ठिकाणे आहेत. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून शहर राखण्यासाठी गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या हुकुमाने खुदावंदखानाने १५४० ते १५४६ या काळात बांधलेला किल्ला, १६४४ ची मुघल सराई, इंग्रज, डच आणि आर्मेनियन दफनभूमी, कवी नर्मद यांचे घर, गोपी तलाव आणि जमलेच तर नदीपलीकडचे रांदेर. आप्पा सपाट रस्त्यावर सावकाश तीन-साडेतीन किलोमीटर चालू शकतात, जिने मात्र त्यांना नकोसे होतात. पहाटेच्या गाडीने येऊन रात्रीच्या गाडीने परतायचे आहे. यातले काय ठेवावे आणि काय वगळावे, कोणत्या क्रमाने चालावे, बंदर समजावे अशी एखादी नेमकी जागा आहे का, आणि दिवस कोणता निवडावा, हे तिथे राहणाऱ्या किंवा तिथे फिरलेल्या कोणी सांगितले तर मोठी मदत होईल.

प्रतिसाद:

नमस्कार दादा. मी मूळचा अमळनेर तालुक्यातला, बावीस वर्षांपासून उधन्यात राहतो. तुमची यादी चांगली आहे, पण आप्पांना बरोबर घेऊन एका दिवसात ती पुरी होणार नाही. गोपी तलाव आणि नर्मदांचे घर पुढच्या खेपेला ठेवा. बऱ्हाणपूर दरवाजाच्या बाजूने चालत येण्याचा विचारही सोडा, कारण भर बाजारातल्या गर्दीत आप्पांची शक्ती नदीपर्यंत पोहोचण्याआधीच संपेल.

स्टेशनवरून रिक्षाने सरळ चौकबाजारला या आणि किल्ल्यात जाण्याआधी नदीवर जा. जवळच मक्काई पूल म्हणून जागा आहे. हज यात्रेकरू तिथून होडीत बसून निघत, म्हणून हे नाव पडले. मुलीला काठावरचा एखादा दगड किंवा पायरी दाखवा आणि पाणी कुठपर्यंत आहे याची खूण लक्षात ठेवायला सांगा. सिंगणपूर-रांदेरचा बंधारा तिथून वरच्या बाजूला आहे, त्यामुळे किल्ल्यापाशी तापीत अजूनही भरती-ओहोटी चालते. पाच-सहा तासांनी त्याच जागी परत आलात तर पाणी चढलेले किंवा उतरून खाली चिखल उघडा पडलेला तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. भरतीच्या पाण्याबरोबर होड्या वर येत आणि ओहोटीबरोबर खाली जात, हे मग वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास या, उधाणामुळे फरक मोठा दिसतो.

मधल्या वेळात किल्ला पाहा. महापालिकेने त्याची दुरुस्ती करून आत संग्रहालय केले आहे. मुघल सराई तिथून जवळ आहे, पण तिच्यात महापालिकेचे मुख्य कार्यालय भरते, म्हणून कामाचा दिवस निवडा. त्यानंतर रिक्षाने कतारगाम दरवाजाकडे जा. इंग्रज दफनभूमी मुळीच चुकवू नका. १६६४ मध्ये इंग्रजांची वखार ज्याने राखली तो जॉर्ज ऑक्झिंडेन १६६९ मध्ये वारला आणि तिथेच आपल्या भावाशेजारी पुरला आहे. दोघा भावांवर घुमटाची, मोगल धाटणीची मोठी इमारत आहे. मुलीने पुस्तकात जे वाचले त्यातला एक माणूस तिथे खरोखर आहे. डच दफनभूमीत मलबारच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ करवून घेणाऱ्या व्हान रीड याची कबर आहे, तो १६९१ मध्ये वारला. आप्पांना तिथे झाडाखाली निवांत बसता येईल आणि आवाजाचा त्रासही नाही.

रांदेर सुरतेपेक्षा जुने बंदर आहे आणि तिथली लाकडी घरे सुंदर आहेत, पण परतताना पाय शिल्लक असले तरच जा. थंडीत आलात तर पोंक नक्की खा. तो आपला ज्वारीचा हुरडाच, फक्त इथे तो शेवेबरोबर आणि लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबरही देतात.

धागाकर्त्याचे उत्तर:

दादा, तुमचे मनापासून आभार. पाण्याची खूण ठेवण्याची कल्पना मुलीला वाचून दाखवली, तेव्हापासून ती कॅलेंडरमध्ये पौर्णिमा शोधते आहे. जानेवारीतली पौर्णिमा आणि तिच्या लगतचा कामाचा दिवस आम्ही पक्का करत आहोत. दरवाजाच्या बाजूने चालण्याचा हट्ट सोडला आहे, आणि रांदेरही आप्पांच्या पायांवर सोडले आहे.

तुमचा प्रतिसाद आप्पांना मोठ्याने वाचून दाखवला. मक्काई पुलाचे नाव ऐकताच ते म्हणाले की माग बंद असले की ते आणि त्यांचे दोन सोबती कधी कधी तिथे नदीच्या काठावर डबा खायला जात असत. आपण बंदरावर बसून भाकरी खात होतो, हे त्यांना आत्ता कळले. आता एवढेच विचारायचे आहे, की त्या काठावर आजही बसायला जागा आहे का, आणि सावली सकाळी असते की दुपारी? दुपारचा डबा तिथेच सोडावा असे आप्पांचे म्हणणे आहे.