४० एमएमच्या रॉडला लेथवर किती स्पीड ठेवायचा?

नवा_टर्नर: आयटीआय करून साकीनाक्याला एका गाळ्यात लागलोय, दोन आठवडे झाले. काल एमएसचा (माइल्ड स्टील, साधं लोखंड) ४० एमएम रॉड, एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल, मी सरळ ५०० आरपीएमवर (मिनिटाला ५०० फेरे) टाकला आणि टूलचं टोक निळं पडून बसलं, शेठ काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. बाजूच्या मशीनवरचे काका म्हणतात आवाजावरून कळतं, पण मला कसं कळणार?

गाळा_नंबर_७: अरे ४० ला ५०० म्हणजे कटिंग स्पीड (टूलसमोरून धातू सरकायचा वेग) मिनिटाला जवळपास ६३ मीटर झाला, एचएसएसला एमएसवर २५-३० बस झाले. ३२० गुणिले कटिंग स्पीड भागिले डायमीटर, म्हणजे ३२० × २५ ÷ ४० = २०० आरपीएम. मशीनच्या स्पीड चार्टवर २०० नसेल तर त्याच्या खालचा घे. रॉड बारीक झाला की आरपीएम वाढव, हे पोरं विसरतात.

जुना_खरादी: काकांचं पण चुकीचं नाही हो. कीस (कापून निघणारी धातूची साल) बघ, एचएसएसला निळा यायला लागला की लगेच स्पीड कमी कर, कार्बाइडच्या टूलला निळा चालतो. आणि फिरत्या जॉबवरचा कीस हाताने ओढू नको, ब्लेडसारखा कापतो, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

नवा_टर्नर: १८० वर टाकला, टूल टिकलं! पण फिनिश खरखरीत आलंय.

गाळा_नंबर_७: शेवटच्या कटला फीड (एका फेऱ्यात टूल पुढे सरकतं ते अंतर) कमी कर, टोकाला ऑइलस्टोनने किंचित गोलाई दे, आणि कूलंट चालू ठेव बाबा.