पहिलीची पोरं वर्गात तोंडच उघडत नाहीत, काय करू?

खडूवाली: साक्री तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे, यंदा पहिली दिलीये, पट 19. चित्र दाखवून काय दिसतंय विचारलं की सगळी एका सुरात "गाय!" आणि मग चिडीचूप. एकेकाला उभं केलं तर फ्रॉकचं टोक पिळत खाली बघतात, आणि तीच पोरं मधल्या सुट्टीत निंबाखाली अशी भांडतात की कान किटतात. मी नाशिकची, अहिराणी निम्मीच कळते. लाजतात की माझंच काही चुकतंय?

जुना_मास्तर: मॅडम उत्तर तुम्हीच दिलंय, निंबाखाली अहिराणी चालते, वर्गात चालत नाही. पोरगी "हाई मनी बकरी शे" म्हणाली की आपण लगेच "मनी नाही बाळा, माझी", झालं, पोरगी गप्प. चूक काढू नका, बोलणं पुढे न्या, "हो का, तुझी बकरी आहे? काय खाते ती?" माझी-तुझी कानावर पडत राहतं. 2020च्या शैक्षणिक धोरणातच लिहिलंय, शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा, त्यामुळे साहेबांची भीती नको.

पाठटाचण: पटतंय, पण पुढे पेपर प्रमाण मराठीतच लिहायचाय हो. मला विचाराल तर घोळ प्रश्नात आहे. "काय दिसतंय"ला एकच शब्द येणार, "ही गाय कुठे निघाली असेल" विचारा की. आणि विचारून थांबा!! मेरी बड रो म्हणून अमेरिकन संशोधक होत्या, त्यांनी 1970च्या दशकात दाखवलं की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, तीन थांबलं की उत्तरं लांबतात. मी हात पाठीमागे घेऊन बोटं मोजते.

दोन_शिक्षकी: एक राहिलं, जे पोरगं निंबाखालीही बोलत नाही त्याला लाजाळू म्हणून सोडू नका, कान तपासून घ्या. आरबीएसकेची, म्हणजे पोरांच्या सरकारी आरोग्य तपासणीची टीम वर्षातून एकदा शाळेत येते तेव्हा त्याचं नाव आधी सांगा. माझ्याकडचा एक "ढ" निघाला कान फुटलेला, वर्षभर मी उगाच ओरडत होते.

खडूवाली: आज बकरीवरच सुरू केलं. तीन सेकंद फार लांब असतात हो, जीव वर येतो. चौथ्याला मागून आवाज आला, "मॅडम, तुमनी बकरी शे का?" नाही म्हटलं तर अख्खा वर्ग हसला, बकरी नाही म्हणजे काय!