जि.प. शाळेच्या विज्ञानासाठी 60 हजार जमलेत, कशावर खर्च करावेत? (काटोल / नागपूर)

काटोलकर_98
नमस्कार मंडळी. मी राहतो नागपुरात, मनीषनगरला, पण शाळा काटोल तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, पाचवी ते आठवी. दिवाळीत आमच्या बॅचचा ग्रुप जरा भावुक झाला आणि शाळेसाठी काहीतरी करू म्हणून वर्गणी काढली, साठ हजार जमले. विज्ञानासाठीच द्यायचे एवढं एकमतानं ठरलं, पुढचं काहीच ठरलं नाही. आता मुख्याध्यापक सरांकडे एक कंपनीवाला येऊन गेला, "रोबोटिक्स लॅब" नावाचं 55 हजाराचं पॅकेज आहे म्हणे, दहा किट, भिंतीवरचे पोस्टर, एका दिवसाचं ट्रेनिंग आणि सगळ्या पोरांना सर्टिफिकेट. सर खूश, ग्रुपमधले अर्धे खूश. माझं मन काही घेत नाही, कारण विज्ञानाला सर एकच, तेच गणितही घेतात आणि निवडणूक आली की बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारेही तेच. हे घ्यावं का? नाहीतर त्याच पैशात दुसरं काय होईल? शिक्षक कोणी असाल तर नक्की लिहा. स्मार्ट टीव्ही सुचवू नका, एक आहे, बंद आहे.

खडू_डस्टर
दादा, मी रामटेककडे जि.प.लाच आहे, सहावी ते आठवी विज्ञान. तुम्ही काय घ्यावं ते नंतर, आधी शाळेत जाऊन कपाट उघडायला सांगा. नव्वद टक्के खात्री आहे की आत काचेचं सामान, चुंबक, भिंगं, एखादा सूक्ष्मदर्शक असं बरंच काही निघेल आणि त्याला कुलूप असेल. कुलूप काऊन असतं ते सांगते. सगळं सामान डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत चढलेलं असतं, फुटलं तर उत्तर शिक्षकानं द्यायचं, तपासणीला कोणी आलं की आधी मोजणी होते. मग शिक्षक काय करतो, टेबलावर स्वतः एकदा प्रयोग दाखवतो आणि परत कुलूप लावतो, पोरांनी फक्त बघायचं. तुम्ही आणखी 55 हजाराचं सामान दिलं तर तेही त्याच कपाटात जाणार, उलट महाग म्हणून दोन कुलपं लागतील.
म्हणून माझा सल्ला असा की दानपत्रातच स्पष्ट लिहून द्या, हे साहित्य मुलांनी हाताळण्यासाठी आहे, फुटलं संपलं तरी शिक्षकाकडून वसुली नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तसा ठराव घ्या. या एका कागदानं जेवढं होईल तेवढं किटनं होत नाही. आणि साठच्या साठ एकदम उडवू नका, पंधरा-वीस हजार मागे ठेवा, सेल, वायर, मेणबत्त्या, लिटमस या गोष्टी दर वर्षी संपतात आणि त्याला पैसा कुठूनच येत नाही.

फ्यूज_उडाला
ताई १००% बरोबर. मी हिंगण्याला एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे, त्या किटबद्दल बोलतो. आत साधारण एक आर्डुइनोसारखा बोर्ड (प्रोग्राम टाकून चालवायचं छोटं सर्किट), दोन मोटर, चाकं, एक सेन्सर आणि जंपर वायरी असतात. बोर्ड चांगली चीज आहे पण तो चालवायला कॉम्प्युटर लागतो, शाळेत चालू स्थितीत किती आहेत ते आधी विचारा. एका दिवसाच्या ट्रेनिंगमध्ये काय होतं, तर लाइन पकडून चालणारी गाडी जोडायची, प्रोग्राम आधीच टाकलेला असतो, गाडी चालते, टाळ्या, फोटो. पोराला विचारा बे मोटर फिरली कशानं, तर चूप.
त्यापेक्षा मोटर उलटी शिकवा. छोटी डीसी मोटर घ्या, दोन टोकांना लाल एलईडी लावा, दांडा दोऱ्यानं जोरात फिरवा, एलईडी लुकलुकतो. नाही लुकलुकला तर एलईडीची टोकं उलटी करा, एलईडी एकाच बाजूनं करंट जाऊ देतो, हेही तिथंच कळतं. जी चीज वीज खाऊन फिरते तीच फिरवली की वीज देते, कोराडीच्या वीज केंद्रातल्या टर्बाइनमागेही हीच गोष्ट आहे फक्त दांडा वाफ फिरवते. जुन्या सीडी ड्राइव्हमधून अशा मोटरी निघतात, फुटक्या स्पीकरमधून दणकट चुंबक, भंगारवाल्याला सांगून ठेवा. मोबाइलच्या जुन्या बॅटऱ्या मात्र घेऊ नका, फुगलेल्या असतात, टोचल्या तर पेट घेतात. घरातल्या प्लगला पोरांनी हात लावायचा नाही, सगळं दीड व्होल्टच्या सेलवर.
साधे मल्टिमीटर घ्या, अडीच-तीनशेला एक पडतं, चार पोरांत एक असं बघा. माझ्या मते पूर्ण यादीत सगळ्यात कामाची वस्तू ती.

आठ_रस्ता_चौक
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. नेहमी हेच होतं. शहरातल्या इंग्लिश मीडियमच्या पोराला रोबोटिक्स, थ्रीडी प्रिंटर, कोडिंग, आणि गावच्या पोराला भंगारातली मोटर आणि पेप्सीची स्ट्रॉ, वरून आपण म्हणतो की हेच खरं विज्ञान. उद्या नोकरी कोणाला लागते? माझी मुलगी शहरातल्या शाळेत आहे, तिला सातवीत सेन्सर माहीत आहेत. काटोलच्या पोरीला काऊन नको?

फ्यूज_उडाला
भाऊ पॉइंट बरोबर आहे, नको असं म्हणतच नाहीये. क्रम म्हणतोय. करंट, व्होल्टेज हाताला कळलं की सेन्सर दोन दिवसांत कळतो, उलटं होत नाही. साठ हजारात एक-दोन बोर्ड सुटे घ्या ना, नागपुरात बर्डीच्या बाजारात मिळतात, पॅकेजची गरज नाही. शिवाय अटल टिंकरिंग लॅब आहेत, नीती आयोगाची योजना, 2016 पासून, एका शाळेला 20 लाखापर्यंत अनुदान मिळतं, त्यात थ्रीडी प्रिंटरपासून सगळं येतं. तुमच्या शाळेला ती मिळणं कठीण, कारण दीड हजार चौरस फूट जागा मागतात. पण काटोल किंवा नागपुरात जिथं लॅब आहे त्या शाळेला पत्र द्या, आमची आठवी एक दिवस येऊ द्या म्हणून. कोणी पत्र लिहीतच नाही, ही आपली गोष्ट.

आठ_रस्ता_चौक
हे चालेल. पण ते पत्र मुख्याध्यापकांनी खरंच लिहिलं का ते तुम्हीच बघा.

संत्रा_आंबिया_बहार
राजेहो काटोल म्हटलं आणि संत्र्याचं कोणी बोललंच नाही! तिथल्या अर्ध्या पोरांच्या घरी बाग असेल. पोरांचे बाप दर वर्षी बोर्डो मिश्रण, म्हणजे झाडांवर मारायचं बुरशीनाशक करतात, 1 किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्याच ड्रममध्ये भिजवतात, लोखंडी ड्रम चालत नाही. झालं की विळा बुडवून बघतात, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी टाक. हे सगळं बाप करतो आणि पोरगं दहावीत "विस्थापन अभिक्रिया" घोकून पाठ करतं, लोखंड तांब्याला विस्थापित करतं म्हणून. बापाच्या विळ्यावर तेच झालं होतं हे त्याला कोणी सांगत नाही. शाळेत पाव बादली करा, सर समोर पाहिजेत, मोरचूद विषारी आहे, हात धुवायचे.
दुसरं, कोळशी. पानांवर काळी काजळी दिसते तीच. पोरांना वाटतं पानच काळं पडलं. ते पान भिंगाखाली धरा, काजळी म्हणजे वरवर वाढलेली बुरशी, ओल्या कापसानं पुसली की खाली हिरवं. पान उलटं करा, काळ्या माशीची पिल्लं चिकटलेली दिसतील, ती रस शोषतात आणि चिकट गोड पाणी सोडतात, त्यावर बुरशी वाढते. म्हणजे औषध बुरशीवर मारायचं की माशीवर? हा प्रश्न आठवीच्या वर्गात टाका आणि मजा बघा, अर्ध्या पोरांच्या घरी यावर भांडणं झालेली असतात. फोल्डस्कोप नावाचा कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक मिळतो, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या टीमनं काढलेला, 140 पट मोठं दाखवतो. काचेच्या एका सूक्ष्मदर्शकाच्या पैशात वर्गभर येतील. पोरांनी घरी नेला तरी हरकत नाही.
अमरावती रोडला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, सहल तिकडे काढा. दर वेळी वॉटर पार्कच का?

नर्मदेपलीकडचा
इथं होशंगाबादचं नाव यायला हवं. 1972 ला मध्य प्रदेशात किशोर भारती आणि रसुलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी 16 सरकारी शाळांत विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू केला, पुढं एकलव्य या संस्थेनं चालवला, हजाराच्या घरात शाळा झाल्या. पोरं चार-चारच्या टोळीत प्रयोग करायची, निष्कर्ष स्वतः वहीत लिहायची, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी. अरविंद गुप्ता यांची काडेपेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबची खेळणीही तिथंच सुरू झाली. त्यांची साइट फुकट आहे, मराठीतही भरपूर पुस्तकं आहेत, सरांना लिंक पाठवा. 2002 ला सरकारनं कार्यक्रम बंद केला ते सोडा, त्यावर बोलायला बसलो तर रात्र होईल. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते किट नाही. आसपासच्या शाळांचे विज्ञान शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसायचे, कोणता प्रयोग फसला, पोरांनी काय विचारलं यावर बोलायचे. तुमचे सर एकटे आहेत असं तुम्हीच लिहिलंय. जवळच्या तीन-चार शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा बसतील, चहा-नाश्ता आणि येण्याजाण्याचा खर्च तुमच्या फंडातून, असं काही जमतं का बघा.

खडू_डस्टर
केंद्रप्रमुखांना विचारून केलं तर जमतं. शिक्षण परिषद होतेच, तिथं माहिती भरण्यातच दिवस जातो, त्यातला एक तास मागून घ्या.
अजून एक, नागपूर मनपा शाळांची पोरं अपूर्व विज्ञान मेळाव्यात प्रयोग दाखवतात, स्वस्तातल्या घरगुती सामानाचे. हॉल भरून पोरं आणि समजावून सांगतात तीच. पुढचा मेळावा असेल तेव्हा तुमच्या सरांना आणि आठ-दहा पोरांना एसटीनं घेऊन या. दुपारी गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र होऊन जाईल, तारांगणासकट.

सावली_मोजणारा
पैसे न लागणारं एक सांगतो. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो, आपल्याकडे 26 मेच्या आसपास येतो, तेव्हा शाळेला सुट्टी, आणि परत जुलैच्या मध्यात येतो, तेव्हा आभाळ. म्हणून तो नाद सोडा. हैदराबाद नागपूरच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. तिथं कोणाचा भाचा, मावशी, कोणीतरी शाळेत असेलच. 20 मार्चला दोन्हीकडे एक मीटरची काठी ओळंब्यानं उभी करा आणि बाराच्या आधीपासून दर पाच मिनिटांनी सावली मोजा, सगळ्यात छोटी ती धरा. इकडे 39 सेंटिमीटरच्या आसपास येईल, तिकडे 31. कागदावर काठी आणि सावलीचे दोन्ही त्रिकोण काढून काठीच्या टोकाचे कोन कोनमापकानं मोजले तर पावणेचार अंशांचा फरक निघतो, पृथ्वी गोल आहे म्हणून. अंतर सरळ रेषेत 420 किमीच्या आसपास. पावणेचार अंशाला 420 तर 360 अंशाला किती, हे त्रैराशिक सातवीचं पोरगं करतं आणि उत्तर पृथ्वीचा घेर येतो, चाळीस हजार. हाताच्या मोजमापात एखादा अंश चुकला की उत्तर हजारोंनी हलतं, ते हलू द्या, का हललं यावर दुसरा तास जातो.

काटोलकर_98
बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. ग्रुपवर सगळा धागा टाकला. अजून दोघं रोबोटिक्सवर अडून आहेत, त्यांना दोन बोर्ड आणि अटल लॅबची भेट यावर मनवतोय. हैदराबादला आमच्यातलाच एक आहे, त्याची बायको तिथं शिक्षिका आहे, तिला विचारलंय. शनिवारी शाळेत जाऊन कपाट बघतो. सरांना अडचण एकच वाटते की ते कंपनीवाल्याला जवळजवळ हो म्हणून बसलेत.

खडू_डस्टर
हो म्हणणं म्हणजे ऑर्डर नाही. ठराव झालाय का विचारा. नसेल झाला तर सांगा देणगीदारांनी अट घातली, शिक्षकांना असं कारण लागतंच, ते तुम्ही पुरवा. आणि चेक शाळेच्या खात्यावर, सामानाच्या बिलांप्रमाणे टप्प्याटप्प्यानं द्या, एकदम नाही.

संत्रा_आंबिया_बहार
कपाटात मोरचुदाची बाटली सापडली तर रंग बघा. पांढरट पडलेली असेल तर फेकू नका, दोन थेंब पाणी टाकलं की परत निळी होते. पोरांसमोरच टाका.